बर्फ कधी सुटेल ते सांगता येत नाही, उतार किती आहे ते सांगता येतं

सिनेमात हिमस्खलन होतं ते कुणीतरी ओरडल्यामुळे. प्रत्यक्षात माणसाच्या आवाजाचा बर्फावर पडणारा दाब इतका किरकोळ असतो की थर तोडायला लागणाऱ्या ताकदीच्या तो जवळपासही पोचत नाही. हा गैरसमज तसा निरुपद्रवी. दुसरा मात्र जीव घेतो: हिमस्खलन म्हणजे वरून अचानक अंगावर येणारं संकट, ज्याचं त्याचं नशीब. स्कीइंग, स्नोबोर्डिंग किंवा हिवाळी चढाई करताना जे लोक बर्फात सापडतात, त्यांच्यातल्या दहापैकी साधारण नऊ जणांच्या बाबतीत तो बर्फ त्यांनी स्वतः किंवा त्यांच्याच गटातल्या कुणीतरी सोडवलेला असतो. म्हणजे बहुतेक वेळा कळ आपल्याच पायाखाली असते.

इथे बोलतोय ते स्की रिसॉर्टच्या हद्दीबाहेरच्या डोंगराबद्दल. हद्दीच्या आत गस्ती पथक सकाळी उतार उघडण्याआधी स्फोटकं लावून धोक्याचा बर्फ पाडून टाकतं. हद्दीची दोरी ओलांडली की हे काम करणारं कुणी नसतं, आणि समोरचा शुभ्र उतार आतल्या उताराइतकाच निरागस दिसतो.

हिमस्खलनाचे ढोबळ दोन प्रकार. पहिल्यात सुटा, भुसभुशीत बर्फ एका बिंदूपासून निघतो आणि खाली जाता जाता रुंद होतो. तो माणसाला कड्यावरून ढकलू शकतो, पण बहुतेक वेळा आपल्या पायाखालून सुरू होऊन आपल्यापुढे खाली निघून जातो. दुसरा प्रकार स्लॅबचा, आणि बहुसंख्य बळी यातच जातात. वर एक घट्ट, एकसंध थर. त्याच्याखाली एक कमकुवत थर, कधीकधी जेमतेम सेंटिमीटरभर जाडीचा. त्याखाली जुना बर्फ किंवा जमीन. माणसाचा भार त्या कमकुवत थरापर्यंत पोचला की तिथले कण कोसळतात, वरचा स्लॅब तेवढ्या जागी आधार सुटून खाली बसतो, त्याचं ओझं शेजारच्या कणांवर जातं आणि तेही कोसळतात. ही फूट बघता बघता उतारभर पळते. मग आपल्या डोक्याच्याही वर एक आडवी भेग पडते आणि आपण उभे असलेला अख्खा उतार आपल्यासकट निघतो.

त्यात किती वजन असतं? पन्नास मीटर लांब, पन्नास मीटर रुंद आणि अर्धा मीटर जाड असा तुकडा घ्या. स्लॅबच्या मानाने हा फार मोठा नाही. झाले १,२५० घनमीटर. वाऱ्याने दाबलेल्या बर्फाचं वजन घनमीटरला २०० किलो धरलं तरी अडीचशे टन.

थर बिघडतात कसे

पडलेला बर्फ तसाच्या तसा राहत नाही. जमिनीलगत, बर्फाच्या पांघरुणाखाली, तापमान शून्य अंशाच्या आसपास टिकून असतं. वरचा पृष्ठभाग मात्र हवेइतका, आणि निरभ्र रात्री हवेहूनही जास्त थंड होतो. खाली ऊब, वर गारठा, अशा परिस्थितीत बर्फातली पाण्याची वाफ खालून वर सरकत राहते. ती एका कणावरून उडते आणि वरच्या कणाच्या बुडाला गोठते. तापमानातला फरक सौम्य असेल तर कण गोलसर होतात, एकमेकांना चिकटतात आणि थर मजबूत होतो. फरक तीव्र असेल तर उलट घडतं: कणांमधले जोड झिजतात आणि कोरडे, टोकदार, पैलू पडलेले कण उरतात. असा बर्फ मुठीत दाबला तर गोळा होत नाही, जाड्या साखरेसारखा बोटांतून गळतो. त्याच्यावर वजनदार स्लॅब बसला की सापळा तयार.

‘तीव्र’ म्हणजे किती, याचा अभ्यासकांनी ठरवलेला ढोबळ आकडा आहे: दर दहा सेंटिमीटरला एक अंश सेल्सिअस. यातून एक गोष्ट निघते जी बहुतेकांना पटायला वेळ लागतो. समजा पृष्ठभागाचं तापमान उणे १२ आहे. बर्फ ६० सेंटिमीटर असेल तर दर दहा सेंटिमीटरला दोन अंशांचा फरक पडतो, मर्यादेच्या दुप्पट. बर्फ दोन मीटर असेल तर तोच फरक दहा सेंटिमीटरला ०.६ अंश, म्हणजे मर्यादेच्या आत. हवा तीच, रात्र तीच, पण पातळ बर्फ आतून सडतो आणि जाड बर्फ सावरतो. म्हणूनच ‘यंदा बर्फ कमी आहे, त्यामुळे धोकाही कमी’ हा हिशेब चुकीचा. हिवाळ्याच्या सुरुवातीला थोडासा बर्फ पडून आठवडेच्या आठवडे कोरडी थंडी राहिली आणि मग मोठं वादळ आलं, तर अनुभवी लोक सावध होतात. त्याच कारणाने एखाद्या उतारावरही सगळ्यात नाजूक जागा बहुधा कडेला, खडकांच्या भोवती, जिथे बर्फ पातळ आहे तिथे असते. माणसाला वाटतं खडकाजवळ आधार आहे. नेमका तिथेच कमकुवत थर पायाच्या जवळ आलेला असतो.

दुसरा कुख्यात थर म्हणजे दहिवर. निरभ्र, शांत, दमट रात्री बर्फाच्या पृष्ठभागावर पातळ, चकाकते, उभे पापुद्रे वाढतात. सकाळच्या उन्हात याच्याइतकं देखणं दृश्य डोंगरात क्वचितच मिळतं, आणि पृष्ठभागावर असेपर्यंत त्याचा काहीच त्रास नसतो. ऊन किंवा वाऱ्याने ते मोडलं तर प्रश्न मिटला. न मोडता त्यावर नवा बर्फ पडला, की ते सगळे उभे पापुद्रे वरचं ओझं सांभाळत गाडले जातात. वरून काहीही दिसत नाही.

ताज्या बर्फामुळे आलेला धोका बहुतेकदा दोन-चार दिवसांत निवळतो. हे गाडलेले थर तसे नाहीत. ते आठवड्यांनी, कधी महिन्यांनीही फुटतात. उत्तर गोलार्धात उत्तरेकडे तोंड असलेल्या सावलीतल्या उतारांवर ते जास्त टिकतात, दक्षिण गोलार्धात दक्षिणेकडच्या.

आणि वारा. आकाशातून बर्फ पडतो त्याच्या कितीतरी पट वेगाने वारा तो उचलून दुसरीकडे रचतो. धारेच्या एका बाजूने खरवडलेला बर्फ दुसऱ्या, वाऱ्याआडच्या बाजूला घट्ट स्लॅब होऊन बसतो. निळं आकाश, दोन दिवसांत बर्फाचा कणही पडलेला नाही, तरी धारेवरून धुरळा उडताना दिसत असेल तर पलीकडच्या उतारावर भर पडतेच आहे. धारेच्या टोकाला पुढे लोंबणारी बर्फाची छज्जी दिसली तर वारा कुठून कुठे वाहतो हे तिनेच सांगितलं असं समजा, आणि तिच्यावर पाय ठेवू नका. ती वाटते त्याहून बरीच मागून तुटते.

जे मोजता येतं ते आधी मोजा

बर्फाच्या आत काय चाललंय ते कितीही शिकलं तरी अंदाजच राहतो. उताराचा कोन हा अंदाज नाही. स्लॅब ३० अंशांखालच्या उतारावर क्वचितच सुटतो. ३० ते ४५ अंश हा धोक्याचा पट्टा, आणि त्यातही ३८ अंशांच्या आसपास सगळ्यात जास्त. फार उभ्या उतारावर बर्फ साठतच नाही, थोडा थोडा सतत झडत राहतो. गंमत अशी, की स्कीइंगला सगळ्यात मजा येते तोही हाच पट्टा.

कोन नकाशावरच बघायची सवय लावावी. १:२५,००० प्रमाणाच्या नकाशावर समोच्च रेषा २० मीटर उंचीच्या फरकाने असतील, तर ३० अंशांच्या उतारावर दोन रेषांमध्ये सुमारे १.४ मिलिमीटर जागा असते. ३५ अंशांवर ती १.१ मिलिमीटर होते. सुरक्षित आणि घातक यातला फरक नकाशावर मिलिमीटरच्या जेमतेम चौथ्या हिश्श्याइतका. शिवाय दोन रेषांच्या मधला दहा-पंधरा मीटरचा उभा टप्पा नकाशा दाखवतच नाही, आणि माणूस गाडायला तेवढा पुरतो. त्यामुळे प्रत्यक्ष जागेवर कोनमापक हवाच. स्कीची काठी उतारावर वरून खाली अशी टेकवून तिच्यावर मोबाइलमधलं कोनमापक टेकवलं तरी चालतं. डोळ्यांवर भरवसा ठेवू नका. डोळ्यांचा अंदाज सहज चुकतो.

आपण सपाटीवर आहोत एवढंही पुरेसं नाही. वर काय आहे? कमकुवत थर पसरलेला असेल तर पायथ्याशी चालणारा माणूसही वरचा उतार सोडवू शकतो, कारण फूट सपाट भागातून वरपर्यंत पळत जाते. आणि खाली काय आहे? मोकळ्या, पसरत जाणाऱ्या पायथ्यावर थांबणारं छोटं हिमस्खलन माणसाला गुडघाभर पुरून सोडेल. तेच एखाद्या अरुंद घळीत किंवा ओढ्याच्या पात्रात उतरलं तर तोच बर्फ कित्येक मीटर उंच साचतो. खाली कडा असेल, झाडी असेल, मोठे दगड असतील तर गाडले जाण्याआधीच मार लागतो. हिमस्खलनातले सुमारे एक चतुर्थांश मृत्यू गुदमरून नव्हे, मारामुळे होतात. झाडीत सुरक्षित वाटतं, पण ज्या झाडीतून आरामात स्की करत जाता येतं ती बर्फ धरून ठेवण्याइतकी दाट नसते.

बुलेटिन, आणि तीन नंबरचा घोळ

बर्फाळ डोंगर असलेल्या अनेक देशांत रोज हिमस्खलन बुलेटिन निघतं. स्वित्झर्लंडमध्ये दावोसची संस्था ते काढते. तिथल्याच डोंगरात, वाइसफ्लूयोखला, बर्फाचा अभ्यास १९३६ पासून चालू आहे. कॅनडात ॲव्हलांच कॅनडा, अमेरिकेत वेगवेगळ्या भागांची केंद्रं, भारतात चंदीगडची डीजीआरई ही संरक्षण खात्याची संशोधन संस्था. धोक्याच्या पाच पायऱ्या असतात: कमी, मध्यम, लक्षणीय, मोठा, अतितीव्र. युरोपने ही पद्धत १९९३ मध्ये एकसारखी केली.

तीन हा मधला आकडा. पाचात तीन म्हणजे ठीकठाक, असं मन सांगतं. पण पायऱ्या सारख्या उंचीच्या नाहीत, प्रत्येक पायरीवर धोका पटीत वाढतो. डोंगरात फिरणाऱ्यांचे सगळ्यात जास्त मृत्यू तीनवरच होतात. चार-पाचला लोक घरी बसतात, आणि डोंगर स्वतःच ओरडून सांगत असतो. तीनला मात्र आकाश बऱ्याचदा निवळलेलं, ताजा बर्फ मऊशार, आणि माणसाच्या वजनाने स्लॅब सुटेल अशी पूर्ण तयारी.

मला विचाराल तर बुलेटिनमधला आकडा ही त्यातली सगळ्यात कमी उपयोगाची माहिती. खाली लिहिलेलं वाचा: आज अडचण कसली आहे, ताज्या बर्फाची, वाऱ्याच्या स्लॅबची, जुन्या कमकुवत थराची, ओल्या बर्फाची की जमिनीवरून घसरणाऱ्या संपूर्ण थराची, ती कुठल्या दिशेच्या उतारांवर आहे, किती उंचीच्या वर आहे. वाऱ्याचा स्लॅब असेल तर वाऱ्याआडच्या बाजू टाळून दिवस चांगला जाऊ शकतो. जुना गाडलेला थर असेल तर तो डोळ्यांना दिसत नाही, त्यामुळे ३० अंशांखालीच राहावं. ओल्या बर्फाची अडचण घड्याळाशी बांधलेली असते: रात्री गोठलेला उतार सकाळी मजबूत, दुपारी खिळखिळा. रात्र ढगाळ गेली आणि बर्फ गोठलाच नाही, तर सकाळही नाही.

डोंगर काय सांगतो

बुलेटिन अख्ख्या प्रदेशासाठी असतं, आपल्यासमोरच्या उतारासाठी नाही. तिथे पाच-सहा खुणा पुरतात. आपल्या उतारासारख्याच दुसऱ्या उतारावर ताजं हिमस्खलन झालेलं दिसणं, ही सगळ्यात स्पष्ट. चालताना पायाखालून ‘धप्प’ असा दबका आवाज येणं आणि आजूबाजूचा बर्फ किंचित खाली बसल्याचं जाणवणं: हा कमकुवत थर कोसळल्याचा आवाज आहे, आणि आपण उभ्या उतारावर नव्हतो एवढीच कृपा. स्कीच्या टोकापासून भेगा पुढे पळत जाणं. एका दिवसात ३० सेंटिमीटरच्या आसपास नवा बर्फ, तोही वाऱ्यासकट. तापमान झपाट्याने वाढणं. कोरड्या बर्फावर पाऊस. यातलं एकही दिसलं तरी त्या दिवशीचा उभा उतार रद्द करायला तेवढं कारण पुरतं.

खड्डा खणून थर तपासणं हे यातलं सगळ्यात आकर्षक काम, आणि म्हणूनच त्याला वाजवीपेक्षा जास्त भाव मिळतो. जिथे जायचं आहे त्याच दिशेच्या आणि उंचीच्या, पण सुरक्षित जागी खड्डा खणायचा. भिंत सपाट तासायची. मग हाताने कडकपणा बघायचा: अख्खी मूठ आत जाते का, चार बोटं, एक बोट, पेन्सिल, की फक्त सुरीचं पातं. पेन्सिल लागणाऱ्या थराच्या खाली अचानक मूठ आत गेली, तर तिथे थांबून कण बघायचे. एक मिलिमीटरहून मोठे, चमकणारे, पैलूदार कण म्हणजे ओळख पटली.

पुढे स्तंभाची चाचणी. उताराला आडवा ९० सेंटिमीटर रुंद आणि आत ३० सेंटिमीटर खोल असा बर्फाचा ठोकळा मागून आणि बाजूंनी करवत किंवा दोरीने मोकळा करायचा. एका टोकावर फावड्याचं पातं ठेवायचं आणि त्यावर हाताने ठोके द्यायचे: दहा मनगटातून, दहा कोपरातून, दहा खांद्यातून. बघायचं ते एवढंच की फूट कुठपर्यंत जाते. फक्त फावड्याखालचा भाग तुटला तर चिंता थोडी कमी. पण चौदाव्या ठोक्याला फट पडली आणि त्याच किंवा पुढच्या ठोक्याला ती ९० सेंटिमीटर पार करून दुसऱ्या टोकाला पोचली, तर हा थर फूट पसरवतो हे डोळ्यांसमोर सिद्ध झालं. पसरण्याचीच तर भीती आहे.

आता यातली खोच. वीस मीटर पलीकडे खणलेला खड्डा वेगळं उत्तर देऊ शकतो. त्यामुळे खड्डा परत फिरायचं कारण देऊ शकतो, पुढे जायची परवानगी देऊ शकत नाही. बुलेटिन धोका सांगत असताना ‘आपण एक खड्डा खणून बघू’ म्हणणारा माणूस बहुधा आपल्याला हवं ते उत्तर शोधत असतो.

अनुभवी माणसं का सापडतात

१९ फेब्रुवारी २०१२ रोजी अमेरिकेच्या वॉशिंग्टन राज्यात स्टीव्हन्स पासजवळच्या टनेल क्रीक भागात १६ जणांचा गट उतरला. त्यात व्यावसायिक स्कीअर होते, तो डोंगर वर्षानुवर्षं ओळखणारे होते. साधनं होती, बुलेटिन उपलब्ध होतं. हिमस्खलनात तिघे मेले. इतके जाणकार एकत्र असताना प्रत्येकाला वाटत राहतं की काही बिनसलं असतं तर कुणीतरी बोललं असतं. सोळा जणांच्या गटात ‘मला हे बरोबर वाटत नाहीये’ हे वाक्य उच्चारायला फार अवघड जातं.

इयन मॅकॅमन या अभ्यासकाने अमेरिकेतल्या शेकडो अपघातांचा अभ्यास करून असे मनाचे सापळे वेगळे काढले: ओळखीचा उतार, आधीच ठरवलेलं ध्येय, गटातल्या ‘तज्ज्ञा’वर भार टाकणं, दुसऱ्यांच्या आधी कोऱ्या बर्फावर उतरायची घाई, इतरांचं लक्ष वेधायची हौस, आजूबाजूला लोक आहेत म्हणून वाटणारा धीर. यातलं ओळखीचं प्रकरण मला सगळ्यात फसवं वाटतं. एखादा धोकादायक उतार शंभरदा ओलांडला तर बहुतेक वेळा काहीच होत नाही. काही झालं नाही, म्हणून आपण निर्णय बरोबर घेतला असं मन शिकतं. डोंगर चुकीच्या उत्तरालाही बरोबरची खूण करत राहतो.

यावर उपाय फार रुक्ष आहे. आदल्या रात्री घरात, गरम हातांनी, नकाशावर आज कुठल्या उतारांवर जायचं नाही ते ठरवायचं, आणि डोंगरात गेल्यावर ती यादी फक्त वाढवायची. गट चार-पाच जणांचा ठेवायचा. एकाने ‘नको’ म्हटलं की नको, कारण विचारत बसायचं नाही. संशयाची जागा ओलांडायचीच असेल तर एका वेळी एकच जण, बाकीचे सुरक्षित जागी उभे राहून त्याच्यावर नजर ठेवून.

गाडला गेलाच तर

बाहेरची मदत वेळेत येत नाही. पूर्ण गाडलेल्या माणसाला पहिल्या दहा मिनिटांत बाहेर काढलं तर दहापैकी नऊ जण जगतात. अर्ध्या तासाने साधारण तिघेच. म्हणजे वाचवणारे म्हणजे सोबतचे, आणि त्यांच्याकडची तीन साधनं: ४५७ किलोहर्ट्झवर संदेश देणारा आणि पकडणारा ट्रान्सिव्हर, लांब शोधकाठी आणि फावडं. प्रत्येकाकडे तिन्ही. ट्रान्सिव्हर कपड्यांच्या आत, चालू, मोबाइलपासून लांब. शोधताना मोबाइल निदान अर्धा मीटर दूर. हवेची पिशवी फुगणारी सॅक माणसाला पृष्ठभागाजवळ राहायला मदत करते, पण झाडावर आपटण्यापासून ती वाचवत नाही.

वाहताना मऊ असलेला बर्फ थांबताक्षणी आवळतो. गाडलेल्याला बोटही हलवता येत नाही. एक मीटर खोल असलेल्या माणसापर्यंत पोचायला टनभर तरी बर्फ हलवावा लागतो. शोधकाठी लागली की ती तिथेच रोवलेली ठेवायची आणि तिच्यापासून उताराच्या खालच्या बाजूला, खोलीच्या साधारण दीडपट अंतरावरून, आडवं खणत आत शिरायचं. काठीपाशी उभं राहून खाली खणलं तर आपलंच वजन त्याच्या श्वासाच्या जागेवर येतं. फावडं धातूचं हवं, प्लॅस्टिकचं अशा बर्फात मोडतं. चेहरा दिसला की तोंड आणि नाक मोकळं, मग छाती. हातपाय नंतर.